माजी विद्यार्थ्यांचा मौखिक इतिहास नोंदवण्यासाठी देशभर फिरायचे आहे : क्रम कसा लावावा, बोलते कसे करावे?

तीनहातनाका यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी ठाण्यात राहते. मुंबई विद्यापीठाच्या एका विज्ञान विभागातून मी १९८४ साली एम.एस्सी. झाले आणि गेली काही वर्षे त्या विभागाच्या माजी विद्यार्थी मंडळाचे काम पाहते. विभागाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पुढे लक्षात येईल. १९५५ ते १९७५ या काळात विभागात शिकून गेलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवाव्यात असे मंडळाने ठरवले असून, जुन्या नोंदवहीतून शोधत शोधत एकेचाळीस जणांचे पत्ते हाती लागले आहेत. पदवी घेऊन ही मंडळी जेथे कारखाने आणि प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या तेथे गेली. कोणी धनबादजवळच्या सिंद्रीच्या खत कारखान्यात, कोणी भिलाईला, कोणी डेहराडूनला तेल व नैसर्गिक वायू आयोगात, कोणी कोट्याजवळच्या रावतभाटा येथील अणुवीज केंद्रात, काही वडोदऱ्याला आणि हैदराबादला. दोघे-तिघे शिकवायला म्हणून धारवाड आणि नागपूरला गेले आणि तेथलेच झाले. ठाणे आणि नवी मुंबईत नऊ जण आहेत.

माझी योजना अशी आहे की ऑक्टोबरमध्ये वडोदऱ्यापासून सुरुवात करून कोटा, डेहराडून, धनबाद, भिलाई, नागपूर, हैदराबाद, धारवाड असे वर्तुळ पूर्ण करावे आणि मार्चपर्यंत परत यावे. बरोबर मंडळातील एक तरुण सहकारी असेल, ती रेकॉर्डर सांभाळेल. जवळचे नऊ जण कधीही होतील, म्हणून ते शेवटी ठेवले आहेत.

निघण्यापूर्वी सराव म्हणून आम्ही चार जणांचे ध्वनिमुद्रण केले आणि चारही वेळा काहीतरी चुकले. नौपाड्यातील एका सरांचे वय चौऱ्याऐंशी आहे. ते इस्त्रीचा शर्ट घालून, दोन पानांचे टिपण हातात घेऊन आमची वाट पाहत बसले होते. अमुक तारखेला रुजू झालो, अमुक साली बढती मिळाली, अमुक साली निवृत्त झालो, ही जंत्री त्यांनी बावन्न मिनिटे वाचली. आम्ही यंत्र बंद केले, चहा घेतला, ते आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि लिफ्टची वाट पाहता पाहता म्हणाले, “वसतिगृहात जागा नव्हती. पहिले सहा महिने मी प्रयोगशाळेतच झोपत असे. वळकटी टेबलाखाली. शिपाईमामा रात्री बाहेरून कुलूप लावायचे आणि सकाळी सहाला उघडायचे.” तेवढ्यात लिफ्ट आली आणि ते थांबले. यातले एक अक्षरही आमच्याकडे नाही.

दुसऱ्या बाई १९६३ च्या तुकडीतल्या, तुकडीत एकट्याच मुलगी. त्यांना विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यांच्या यजमानांनी दिली. तिसऱ्या सद्‌गृहस्थांनी दिवंगत झालेल्या एका प्राध्यापकांवर नाव घेऊन फार कडवट आरोप केले, आणि त्या प्राध्यापकांचे चिरंजीव आमच्या मंडळात आहेत. चौथ्या ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर आणि श्रवणयंत्राची शिट्टी यांखेरीज फारसे काही ऐकू येत नाही.

तेव्हा माणसाला जंत्रीपलीकडे कसे न्यावे, आरोपांचे काय करावे, हे सगळे शेवटी ठेवायचे कोठे, आणि प्रवासाचा हा क्रम योग्य आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

ऐरोलीकर यांचे उत्तर

ताई, मी आकाशवाणीत एकतीस वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम केले, त्यामुळे आपला लिफ्टचा प्रसंग वाचून हसू आले. आमच्याकडे हा प्रसंग दर आठवड्याला घडत असे. लाल दिवा विझला की पाहुणा खुर्चीत सैल व्हायचा आणि खरे बोलणे सुरू व्हायचे. यावर चोरून ध्वनिमुद्रण चालू ठेवणे हा उपाय नाही. आरंभीच सांगून ठेवावे की आम्ही चपला घालून दाराबाहेर पडेपर्यंत यंत्र चालू राहील, आणि मग ते खरोखरच चालू ठेवावे. चहा येतो त्या वेळी कपबश्यांचा आवाज मुद्रित होतो, तो होऊ द्यावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाकडे दोनदा जावे. पहिल्या दिवशी त्यांचे टिपण त्यांना वाचू द्या. मध्ये अडवू नका. ते टिपण म्हणजे त्यांनी स्वतःविषयी काय सांगायचे ठरवले आहे त्याचा दाखला आहे, आणि ते वाचून होईपर्यंत त्यांचे मन मोकळे होत नाही. रात्रभरात त्यांना इतर गोष्टी आठवतात. दुसऱ्या दिवशी दार उघडताच “काल एक सांगायचे राहिले” असे म्हणणारी माणसे मी इतकी पाहिली आहेत की, एकच बैठक होणार असेल तर त्या गावाला न गेलेलेच बरे असे माझे मत झाले आहे. म्हणून तुमच्या वेळापत्रकात प्रत्येक गावी निदान दोन मुक्काम धरा आणि गावे कमी करा.

प्रश्नांविषयी. “विद्यार्थिदशेतील आठवणी सांगा” हा प्रश्न नाही, ते भाषणाचे आमंत्रण आहे. त्याऐवजी घरून निघाल्यापासून विभागाच्या दारापर्यंत कसे पोहोचत होता ते विचारा. कोणत्या स्टेशनवर उतरायचे, पुढे ट्राम की चालत, डबा कोठे ठेवायचा, पहिल्यांदा आत गेल्यावर वास कसला आला. पायांना रस्ता आठवू लागला की माणसे आपोआप आठवतात. यात तुमचाही एक फायदा आहे. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, त्यामुळे ट्रामने जात होतो असे कोणी म्हणाले तर साल न विचारताही काळ पक्का होतो.

कोरा कागद आणि पेन्सिल न्या आणि प्रयोगशाळेचा आराखडा काढायला सांगा. येथे एक खुबी आहे. ते कागदावर बोट ठेवून “हे इथे, ते तिथे” म्हणतील आणि ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही, तेव्हा तुम्ही लगेच मोठ्याने म्हणायचे, “म्हणजे दारातून आत आल्यावर डाव्या हाताला, खिडकीखाली.” ते हो म्हणतील किंवा चूक दुरुस्त करतील, आणि दोन्ही चांगलेच. कागदावर तारीख घालून त्यांची सही घ्यावी आणि तो ध्वनिफितीबरोबरच जपावा.

आता आवाज. पंखा बंद, फ्रीजही बंद. फ्रीज बंद करताना आपल्या घराच्या किल्ल्या त्यात ठेवाव्यात, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय आपण तेथून निघूच शकत नाही; दुसऱ्याच्या घरचे दूध नासवून आलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. श्रवणयंत्राची शिट्टी बहुधा कानाजवळ उशी, हात किंवा खुर्चीची उंच पाठ आल्यामुळे वाजते. यंत्र काढायला कधीही सांगू नका, खुर्ची बदला. कॉलरचा माईक हनुवटीखाली एक वीत अंतरावर असावा. साडी असेल तर पदराखाली नको, पदराची सळसळ नंतर काढता येत नाही. बांगड्यांचे मात्र काही करू नका. बांगड्या काढायला सांगणे बरे दिसत नाही, आणि त्या किणकिणल्या तरी बोलणे कळते.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर ठेवा. दोन वाहिन्यांवर तासाला साधारण एक गिगाबाइट लागते, एका वाहिनीवर त्याच्या निम्मे. म्हणजे सबंध प्रवास एका कार्डावर मावेल, आणि नेमके तेच करू नका. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढा. एक तुमच्या पिशवीत, दुसरी सहकारी मुलीच्या. उठण्यापूर्वी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची शांतताही मुद्रित करावी. सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ उत्तम. जेवणानंतर आवाज बसतो आणि माणूसही.

पुस्तकखूण यांचे उत्तर

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो असून नेरुळला राहतो. ऐरोलीकरांनी ध्वनीचे सांगितले आहेच, मी कागदांचे सांगतो.

संमतिपत्र दोनदा घ्यावे. बैठकीपूर्वी घेतलेली संमती ही केवळ ध्वनिमुद्रणाला असते, कारण आपण काय बोलणार आहोत हे त्या वेळी बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. नंतर ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांच्या हाती द्यावी, ऐकायला तीन-चार आठवडे द्यावेत, आणि मग दुसऱ्या पत्रावर त्यांनी ठरवावे की सर्व खुले ठेवायचे, काही मिनिटे बंद ठेवायची, की अमुक सालापर्यंत सगळेच बंद ठेवायचे. ही “अमुक सालापर्यंत” सोय लोकांना ठाऊक नसते. ती सांगितली की पुष्कळ जण निर्धास्त होऊन बोलतात.

आपल्या तिसऱ्या सद्‌गृहस्थांचे ध्वनिमुद्रण कापू नका आणि प्रसिद्धही करू नका. दिवंगत व्यक्तीबद्दल काहीही बोलले तरी चालते असा एक समज आहे, तो खरा नाही. पूर्वीच्या दंडसंहितेच्या ४९९ व्या आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता असा आरोप कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला, तर तीही बदनामी ठरू शकते. तेव्हा तेवढा भाग कालमर्यादा घालून बंद ठेवावा. मात्र मंडळातील चिरंजीवांना यातले काहीही ऐकवू नये, आणि मंडळाच्या बैठकीत “कोणीतरी काहीतरी बोलले आहे” असेही सूचित करू नये. चाव्या दोनच व्यक्तींकडे असाव्यात आणि त्यांतली एक मंडळाबाहेरची असावी. रावतभाट्याच्या मंडळींविषयी एक वेगळी गोष्ट. अणुऊर्जा खात्यात आयुष्य गेलेल्यांवर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचे दडपण निवृत्तीनंतरही असते. कोठे थांबायचे ते त्यांना चांगले कळते. ते थांबले की तेथे उकरत बसू नये.

आता स्मरणाच्या चुका. आपल्याला त्या पानोपानी भेटतील आणि आपण विज्ञानाच्या असल्यामुळे त्या दुरुस्त करण्याचा मोह होईल. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटो करारविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मरण पावला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे अनेक वर्षांनी तेथल्या कामगारांशी बोलून आठवणी गोळा केल्या, तेव्हा कित्येकांनी तो मृत्यू १९५३ च्या कामगार-कपातीविरुद्धच्या संघर्षात झाला असे ठामपणे सांगितले. पोर्तेल्लींनी त्यांना खोटे ठरवले नाही. ज्या लढ्यात आपली नोकरी गेली त्या लढ्यात आपला माणूस गेला असला पाहिजे, असे या लोकांना का वाटत होते, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्यांचा सगळा अभ्यास त्यावर उभा राहिला.

आपल्याकडचे उदाहरण देतो. मी ज्यांचे बोलणे नोंदवले त्या एका गृहस्थांनी सांगितले की, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते प्रात्यक्षिक परीक्षा देत होते, टेबलावरची काचनळी घरंगळली आणि फुटली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारच्या पुढे झाला. त्या वेळी कोठलीही परीक्षा चालू असणे शक्य नाही. मी काही बोललो नाही. तासाभराने कळले की त्या वर्षी ते प्रात्यक्षिकात नापास झाले होते आणि ही गोष्ट त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हती. मी वहीच्या समासात भूकंपाची तारीख आणि वेळ लिहिली. त्यांचे वाक्य आहे तसे ठेवले.

शब्दांकनाची घाई करू नये. एका तासाच्या मराठी-इंग्रजी सरमिसळ बोलण्याला मला सात-आठ तास लागतात आणि संगणकाने केलेले शब्दांकन निस्तरायला जवळजवळ तितकेच. आधी प्रत्येक पाच मिनिटांत कशाविषयी बोलणे झाले याची सूची करावी. आणि शब्दांकन झाले म्हणून मूळ ध्वनी कधीही टाकू नये. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली ॲलन नेव्हिन्स यांनी मौखिक इतिहासाचे काम सुरू केले, पण सुरुवातीच्या काळात टंकलिखित प्रत तयार झाली की टेप पुसून पुन्हा वापरली जात असे. त्या माणसांचे शब्द आज वाचता येतात, त्यांचा आवाज गेला.

ठेवायचे कोठे याविषयी : एक संच विद्यापीठाकडे द्या, पण केवळ तेथेच नको. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात २०१९ मध्ये अभिलेखागार सुरू झाले आहे आणि तेथे वैज्ञानिकांच्या मुलाखतींचा संग्रह आहे. निघण्यापूर्वीच त्यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांच्या संमतिपत्राचा नमुना मागवावा, म्हणजे परत आल्यावर एकेचाळीस जणांच्या नव्याने सह्या घ्याव्या लागणार नाहीत.

घोडबंदरकर यांचे उत्तर

थोडे विरोधात लिहितो, राग नसावा. आपले वर्तुळ नकाशावर देखणे दिसते, पण ते चारधाम यात्रेचे वेळापत्रक आहे. आपल्या यादीतील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती आज नव्वदीला टेकलेली असणार आणि सर्वांत धाकटी सत्तरीत. धारवाड सर्वांत शेवटी आहे ते केवळ रेल्वेच्या मार्गावर शेवटी येते म्हणून. तेथील सद्‌गृहस्थ अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असतील तर मार्चपर्यंत थांबण्याची जोखीम कोण घेणार? यादी जन्मसालाप्रमाणे लावा आणि मग तिकिटे काढा. प्रवास उलटसुलट होईल, खर्च वाढेल, तो वाढू द्या. तसेही १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच मिळते, म्हणजे सहा महिन्यांचे वर्तुळ एकदम आरक्षित करणे शक्यच नाही. विदर्भ एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, नागपूर एका रात्रीत होते. वडोदऱ्याला बोरिवली किंवा वसई रोडहून जाता येते. ही दोन गावे स्वतंत्रपणे उरकता येतील.

दुसरे म्हणजे “जवळचे नऊ जण कधीही होतील” हे वाक्य मला खटकले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याची पहिली वसाहत आपल्या वागळे इस्टेटमध्ये झाली, पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्या एका सबंध पिढीने या रस्त्यावर पाळ्या केल्या. माझे वडील त्यांपैकी एक. ज्या फाटकातून ते आत जात त्या जागी आज काचेची इमारत आहे आणि तेथे संगणकाचे काम चालते. कारखाना गेला, त्याची कागदपत्रे गेली, राहिली आहेत ती माणसे, आणि ती पंधरा रुपयांच्या रिक्षाच्या अंतरावर आहेत असे पूर्वी म्हणता आले असते. वडिलांना कोणी विचारले नाही. मीही नाही. त्यांच्या विभागाचे लोक एकदा फोन करून “पुढच्या महिन्यात येतो” म्हणाले होते, जवळच राहतात म्हणून.

आणि व्हिडिओ कॉलचा विचार का नाही? एकेचाळीस घरे गाठण्याइतका पैसा मंडळाकडे आहे का?

माहेर_खारघर यांचे उत्तर

घोडबंदरकरांच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्या घरचे उत्तर आहे. माझी आई १९६० च्या दशकात विद्यापीठात शिकली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने तिची मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतली. संस्थेचे नाव लिहीत नाही. मी पडद्याच्या बाहेर बसून होते. बाबा आईच्या खुर्चीच्या हातावर बसले होते आणि समोरच्या मुलीला ते दिसत नव्हते; तिला फक्त एवढेच दिसत होते की आई प्रत्येक उत्तरापूर्वी डावीकडे पाहते. समोर कोणी माणूस असता तर त्याने बाबांना गॅलरीत नेऊन झाडे दाखवायला सांगितले असते. बाबा वाईट नव्हेत, त्यांना वाटत होते की ते मदत करत आहेत.

मुलाखत संपल्यावर मी आईला विचारले की मुलींसाठी स्वच्छतागृह कोठे होते हे तू का नाही सांगितलेस, मला तर लहानपणापासून सांगत आली आहेस. ती म्हणाली, “ते काय मुलाखतीत सांगायचे असते?” गोष्ट अशी होती की विभागात ते नव्हतेच. ती आणि तिच्या पुढच्या वर्गातली एक मुलगी रस्ता ओलांडून दुसऱ्या इमारतीत जात, आणि प्रयोग मध्येच सोडून जाता येत नसे म्हणून प्रात्यक्षिकाच्या दिवशी दोघी सकाळपासून पाणी पीत नसत. तीनहातनाका ताई, १९६३ च्या तुकडीतल्या बाईंकडे पुन्हा जाल तेव्हा हा प्रश्न सरळ विचारा. शक्य तर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून विचारा. आवाज घुमेल, कुकर मध्येच शिट्टी करील, पण त्या बोलतील. यजमानांचीही मुलाखत घ्या, वेगळी, दुसऱ्या खोलीत, त्याच वेळी.

एक तक्रारही नोंदवते. त्या मुलाखतीची प्रत आम्हाला आजवर मिळालेली नाही. आई गेल्यावर मी तीन पत्रे लिहिली. तिचा सव्वा तासाचा आवाज कोठल्यातरी डिस्कवर आहे आणि तो ऐकण्यासाठी मला परवानगी मागावी लागते. पुस्तकखूण यांनी प्रत हाती देण्याचे लिहिले आहे. ती महिन्याने नको, दुसऱ्या दिवशी निघतानाच पेन ड्राइव्हवर द्या.

तीनहातनाका यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल सहकारी मुलीबरोबर बसून यादी जन्मसालाप्रमाणे लावली. पहिल्या सात नावांत तीन ठाण्याची निघाली, एक धारवाडचे आणि एक सिंद्रीचे. वर्तुळ मोडले. ऑक्टोबरमध्ये वडोदऱ्याऐवजी धारवाडला जाऊ, आणि तोपर्यंत कोपरी, नौपाडा, वाशी. पैशांचे म्हणाल तर एकेचाळीस घरे, प्रत्येकी दोन बैठका, हे झेपणार नाही. पंच्याहत्तरीच्या आतल्यांची पहिली बैठक आपण म्हणता तशी व्हिडिओ कॉलवर घेऊ, पण कॉलवर घेतली म्हणून दुसरीसाठी जायचे टाळायचे नाही असे ठरवले आहे. बेंगळुरूला पत्र लिहिले आहे. संमतिपत्राचा दुसरा नमुना मीच तयार करत होते तो तूर्त बाजूला ठेवला.

नौपाड्याच्या सरांना फोन केला. पुन्हा येऊ का विचारल्यावर ते म्हणाले की सांगण्यासारखे सगळे सांगून झाले आहे. मी वळकटीचा विषय काढला. “ते कशाला? ते काही महत्त्वाचे नाही,” असे म्हणून ते पुढे पंधरा मिनिटे त्याच विषयावर बोलले, आणि ते फोनवर चालू असताना मी हाताने लिहून घेत होते. मामा रात्री कुलूप लावण्यापूर्वी खिडकीशी पाण्याचा तांब्या ठेवत. पहिल्या पावसात छत गळू लागले तेव्हा मामांनी यांना आपल्या खोलीत नेले आणि वरिष्ठांना काही कळू दिले नाही. सरांना मामांचे नाव आठवते. आडनाव, ते म्हणाले, कधी विचारलेच नव्हते. सोमवारी साडेदहाला जात आहोत.

पुस्तकखूण यांना एक विचारायचे आहे. १९५९-६० च्या सुमारास विभागात शिपाई म्हणून असलेल्या व्यक्तीचे पूर्ण नाव शोधायचे असेल तर कोठे पाहावे? विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या आमच्याकडे आहेत, त्यांत अर्थातच ते नाही.

पुस्तकखूण यांचे उत्तर

आस्थापना शाखेकडे लेखी अर्ज करावा आणि त्यात सेवापुस्तक व पगारपत्रक असे दोन्ही शब्द स्पष्ट लिहावेत. नुसते “जुने रेकॉर्ड” लिहिले तर उत्तर येणार नाही. पगारपत्रके बहुधा नष्ट केलेली असतात, परंतु निवृत्तिवेतनाचा संबंध येत असल्यामुळे सेवापुस्तके पुष्कळ काळ जपली जातात. सापडले तर पहिल्याच पानावर पूर्ण नाव, गाव, जन्मतारीख आणि बोटांचे ठसे असतील. अर्जात सरांनी सांगितलेले नाव, विभाग आणि साल लिहा, आणि सोमवारी सरांना एवढेच विचारा की मामा सुट्टीत कोणत्या गावाला जात असत. आडनाव आठवत नसले तरी ते आठवेल.